डिझाईन व्हॉट्सॲपवर पाठवलंस, तिथंच गाडी घसरली

खानापूर तालुक्यातल्या एका पोराचं पत्र आलंय. मोठं आहे, कामापुरतं देतो:

"काका नमस्कार. वय २७. बेळगावात टिळकवाडीत वरच्या मजल्यावर खोली घेऊन चार वर्षं टॅटूचं काम करतोय. सुरुवातीला पिंटरेस्टवरचीच डिझाईन्स मारत होतो, आता कस्टम करायला लागलोय आणि तेच आवडतं. मागच्या महिन्यात निपाणीकडचा एक जण आला, वडील वारलेत, त्यांच्या आठवणीचं काहीतरी पाहिजे म्हणाला, दोन तास बसून बोलला. मी तीन रात्री जागून डिझाईन काढलं. बैलगाडीत मागं बसलेल्या लहान पोराला दिसेल तसं, पुढं बैलांची वशिंडं आणि शिंगं, मध्ये वडिलांची पाठ आणि मुंडासं. व्हॉट्सॲपवर पाठवलं, साडेचार हजार सांगितले. 'घरी विचारून सांगतो' म्हणाला. पंधरा दिवसांनी तेच डिझाईन दुसऱ्या एका स्टुडिओच्या इन्स्टावर, त्याच्याच हातावर. दोन हजारात झालं म्हणे. काका, कस्टम बंद करून परत पिंटरेस्टवर यावं काय? एक मित्र म्हणतोय सीझनला गोव्याला चल. आई म्हणते हे सोड आणि नोकरी बघ, आपल्यात असलं चालत नाही. काय करू?"

अरे बाबा, आधी ते डिझाईन. बैलगाडी सगळे बाजूनं काढतात, कॅलेंडरवर असते तशी, तू ती मागून काढलीस, कारण ते पोरगं आयुष्यभर बापाला तिथूनच बघत आलंय. दोन तास ऐकून घेतल्याशिवाय हे सुचत नाही. त्यामुळे कस्टम बंद करायचं वगैरे डोक्यातनं काढ. आता शिव्या खा.

तीन रात्री जागलास आणि एक रुपया ॲडव्हान्स घेतला नव्हतास! मी मूळचा बोर्ड रंगवणारा माणूस, गणपत गल्ली, खडेबाजार, शहापूर अशा बाजारपेठांतनं मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही अक्षरं लिहीत फिरलोय, आणि ज्यांच्या हाताखाली शिकलो ते दुकानदाराला कागदावरचं रेखाटन लांबून दाखवायचे, पुढं घडी करून परत पिशवीत. कुणी म्हणालं "राहू दे की इथं, भावाला दाखवतो", तर म्हणायचे भावाला इथं बोलवा, मी चहा पितो तोपर्यंत. तेव्हा मला ते खडूस वाटायचे. खरं कागद एकदा दुकानात राहिला की दुसरा पेंटर त्यावरनं बोर्ड मारून जायचा हे त्यांनी बघितलेलं होतं. पुढं फ्लेक्स आला, दोन-तीन वर्षांत आमचे ब्रश वाळून गेले आणि मी भिंतीवरनं कातडीवर आलो, खरं चोरीचा प्रकार तोच, फक्त कागदाच्या जागी जेपीजी.

आपल्या मशिनचा जन्मच नक्कल करण्याच्या उपकरणातनं झालाय, हे तुला कुणी सांगितलंय काय? एडिसननं १८७६ साली एक इलेक्ट्रिक पेन पेटंट केलं होतं, लिहिताना सुई भराभर खालीवर होऊन कागदाला बारीक भोकं पाडायची, मग त्या भोकांतनं शाई दाबून एकाच कागदाच्या पाहिजे तेवढ्या प्रती काढायच्या. ऑफिसातल्या कारकुनांसाठीची वस्तू ती. १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली नावाच्या टॅटूवाल्यानं त्याच कल्पनेवर शाई भरणाऱ्या मशिनचं पेटंट घेतलं. म्हणजे आपण हातात धरतो ते एका झेरॉक्स मशिनचं नातवंड आहे. त्यातनं नक्कल निघणारच, आपण काय नक्कल होऊ देतो आणि काय नाही एवढंच आपल्या हातात.

आणि हे पण ऐकून घे, तुला राग येईल. तू स्वतः म्हणालास सुरुवातीला पिंटरेस्टवरचीच मारत होतो. ती पण कुणीतरी रात्री जागूनच काढलेली होती की. त्या माणसानं बेळगावात येऊन तुझा स्टुडिओ शोधला नाही एवढंच. मी पण केलंय, सगळेच तिथनं सुरुवात करतात, मी साधू नाही. खरं त्या दुसऱ्या स्टुडिओवाल्याबद्दल इन्स्टावर स्टोरी टाकून बोंबलायचा विचार असेल तर आधी स्वतःचं जुनं पान वर सरकवून बघ. कायदा आहे, १९५७ चा कॉपीराइट ॲक्ट, चित्र काढणाऱ्याचा हक्क तो जिवंत असेपर्यंत आणि पुढं ६० वर्षं, आणि तू पैसेच घेतले नव्हतेस म्हणजे ते चित्र तुझंच. खरं साडेचार हजाराच्या कामासाठी वकील लावून कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार, तेवढ्या वेळात चार हात होतात.

मी काय करतो ते सांगतो, तुझ्या हिशोबानं कमीजास्त कर. पहिलं बोलणं फुकट, कितीही वेळ, चहा माझा. बोलून झालं, माणूस "काढा" म्हणाला की हजार रुपये ॲडव्हान्स, ते शेवटच्या बिलातनं वजा होतात खरं परत मिळत नाहीत, आणि हे त्याला तिथंच व्हॉट्सॲपवर एका ओळीत लिहून पाठवतो म्हणजे नंतर "तुम्ही बोलला नव्हता" नको. डिझाईन बघायला स्टुडिओत यायचं, मोबाईलवर जात नाही. लांबचा असेल, निपाणी, चंदगड, हल्याळ असला, तर ज्या दिवशी सुई लावायची त्याच दिवशी सकाळी लवकर बोलवतो, आधी दाखवतो, बदल करतो, मग जेवून काम. बदल दोनदा फुकट, तिसऱ्यांदा पैसे. हे तिसऱ्यांदाचं पाहिजेच, नाहीतर काही लोक डिझाईन बदलत बदलत सिंहापासून सुरू करून मोरपिसाला येतेत. ॲडव्हान्स मागितला की दहातले तीन-चार "येतो नंतर" म्हणून जिना उतरतील. जाऊ देत. ते तसेही तुझं चित्र घेऊन दोन हजारवाल्याकडंच जाणार होते, आता रिकाम्या हातानं जातील.

साडेचार का, असं कुणी विचारलं तर लाजायचं नाही, सांगायचं. सुयांची कार्ट्रिज नवीन, त्याच्यासमोर फोडायची, वापरली की सुया जाड डब्यात, कचऱ्याच्या पिशवीत नाही, हातमोजे, रॅप, शाई कुठल्या कंपनीची आणि बाटली कधी उघडली ते. २०२५ च्या सुरुवातीला आपल्या कर्नाटकच्या आरोग्य खात्यानं टॅटूच्या शाईचे नमुने तपासल्याची बातमी होती, आर्सेनिक, क्रोमियम धरून २२ धातू सापडले होते. ते कात्रण मी भिंतीला लावून ठेवलंय. गिऱ्हाईक वाचतं आणि घासाघीस आपोआप कमी होते, भाषण द्यावं लागत नाही.

आता खरं सांगायचं ते. तुझं डिझाईन त्यानं चोरलं म्हणतोस, मला वाटतंय अर्धंच चोरता आलंय. त्या फोटोत परत एकदा नीट बघ, तू ते दंडासाठी काढलं होतंस की मनगटाकडच्या हातासाठी? पत्रात नाहीये, खरं वशिंडं दोन बाजूला आणि पाठ मध्ये म्हणजे दंडाच्या गोलाईवर बसणारी गोष्ट आहे, दोन्ही बैल दोन बाजूला वळून जातात आणि समोर फक्त बापाची पाठ राहते. स्क्रीनशॉटवरनं स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर उमटवायचा छाप, काढून ते सपाट चिकटवलं असेल तर शिंगं कुठंतरी कोपरात घुसली असणार. स्क्रीनवर असतं ते निम्मं डिझाईन, निम्मं त्या माणसाच्या हाडावर आणि स्नायूवर असतं आणि ते व्हॉट्सॲपवर जात नाही. म्हणून माझा सल्ला हा की ते निम्मं वाढव. कागदावर कमी काढ आणि माणसावर जास्त काढ. जाड ठोकळा आयपॅडवर ठरव, बाकी स्किन मार्करनं थेट हातावर. एका बोर्डवाल्याचा अनुभव सांगतो, भिंत सरळ असते, माणूस सरळ नसतो. हात उताणा ठेवून मनगटाच्या वर ओळ लिहिलीस की हात पालथा केल्यावर ती पिळली जाते, कारण आतली दोन हाडं एकमेकांवरनं फिरतात. म्हणून गिऱ्हाईकाला उभं करायचं, हात खाली सोडायला लावायचा, तो रस्त्यानं चालताना हात कसा राहतो तसा, आणि मग स्टेन्सिल.

देवनागरीला तर हे जास्तच लागतं. शिरोरेखा म्हणजे सरळ रेघ, सरळ रेघेतला पिळ लगेच दिसतो. आपल्याकडं निम्मी कामं अक्षरांचीच. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या आधी पंधरा दिवस राजमुद्रेसाठी रांग असते, आणि प्रत्येकाला ती दोन इंचात पाहिजे. "वर्धिष्णुर्विश्ववंदिता" हा एक शब्द दोन इंचात कसा बसणार रे, दोन रफार, ष्ण, श्व, पाच वर्षांत शाई थोडी पसरते आणि ष्णचा ठिपका होतो. मी सरळ सांगतो, पूर्ण श्लोक पाहिजे तर दंड द्या किंवा पाठ द्या, नाहीतर नुसता आकार करू. आणि काही ॲपमध्ये मराठी पेस्ट केलं की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बसते, ते तसंच स्टेन्सिल होऊन हातावर गेलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि कव्हर-अपला, म्हणजे वरनं दुसरं काढून झाकायला, माझ्याकडंच आलं. अक्षरं हातानं काढ. गिऱ्हाईकाकडनं त्याच्याच अक्षरात कागदावर लिहून घे, खाली सही घे. कन्नड नाव असेल तर कन्नड वाचणाऱ्या दोघांना दाखव, तुला येत असलं तरी दाखव. कन्नड अक्षर गोल, शिरोरेखा नाही, त्यामुळे छोट्यात पण छान बसतं, फक्त खाली लोंबणारी जोडाक्षरं आधी भरून जातात, तिथं जागा सोडायची. आपल्या गावात आई मराठी आणि बाप कन्नड अशा घरातलं पोरीचं नाव दोन्ही लिपीत एकत्र गुंफून मागतेत, असं काम पिंटरेस्टवर कुठं मिळणार? ते तुझ्याकडंच येणार.

आकाशातनं काही आणायची गरज नाही, सगळं इथंच पडलंय. किल्ल्यात जाऊन कमल बसदीचं, त्या जैन मंदिराचं, छत बघून ये, १२०४ सालचं, वर दगडात कमळ कोरलंय, पाकळ्यांवर पाकळ्या. मान दुखेपर्यंत बघ. खांद्यावरच्या गोल कामाला याच्याइतकं चांगलं पुस्तक नाही. तुझ्याच तालुक्यात हलशीची देवळं आहेत. वडगाव-खासबागच्या मागावरच्या साड्यांचे काठ बघ, मनगटाच्या पट्ट्याला अजून काय पाहिजे. हे बघून स्वतःच्या हातानं काढशील ना, तर दुसऱ्यानं चोरलं तरी लोक म्हणतील हे अमक्याचं दिसतंय. मला ओळखीचा पेंटर गल्लीच्या टोकावरनं नुसत्या 'क' वरनं कळायचा.

बोलताना काय विचारायचं त्यात मात्र तू कच्चा वाटतोस. दोन तास बापाचं विचारलंस, स्वतः काय काम करतो ते विचारलंस काय? मी आधी तेच विचारतो. उद्यमबागच्या फाउंड्रीतला एक पोरगा हातावर काम करून घेऊन दुसऱ्या दिवशी भट्टीपुढं उभा राहिला, घाम, धूळ, उष्णता, पंधरा दिवसांत निम्मी शेडिंग खपलीबरोबर निघाली आणि वर मलाच बोल लावला. तेव्हापासून फाउंड्रीवाल्याला सलग चार सुट्ट्या असतील तेव्हाच घेतो. शेतकऱ्याला रोपलावणीच्या दिवसात घ्यायचं नाही, ओल्या जखमेवर चिखल म्हणजे काय ते तुला खानापूरच्या पावसात वाढलेल्याला सांगायला नको.

आणि भरतीवाली पोरं. हे लिहून घे. आपल्या गावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर, सकाळी पाचला कुठल्याही रस्त्यावर बघ, पोरं पळत असतेत. त्यातलाच एखादा येतो आणि म्हणतो मानेवर वाघ काढा. आर्मीचा नियम असा आहे की कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला, बाकी अंगावर कुठंही असला की बाहेर, आदिवासींच्या परंपरेला तेवढी सूट. बीएसएफ, सीआरपीएफ असल्या ठिकाणी अजून कडक, डावाच हात, कारण उजव्यानं सलाम करायचा, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान. वीस-एकवीस वर्षांचं पोर आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, भरतीला जाणार काय? हो म्हणाला तर चालू वर्षाची जाहिरात मोबाईलवर काढून त्याच्याच तोंडून वाचून घेतो. मानेवरचा वाघ केलास तर तुला तीन हजार मिळतील आणि त्याचं दोन वर्षांचं पळणं वाया. अठराच्या आतलं पोर, प्यालेला माणूस, आणि आठवड्यापूर्वी ओळख झालेल्या पोरीचं नाव, हे तिन्ही नाही. रक्तदान करणाऱ्यालाही आधी सांग की पुढं वर्षभर रक्त घेत नाहीत, इथं रक्तदान शिबिराला नियमानं जाणारे बरेच आहेत.

आईचं. "आपल्यात असलं चालत नाही" म्हणाल्या ना, त्यांच्या आईच्या, नाहीतर सासूच्या हातावर काय होतं ते एकदा शांतपणे विचार. कपाळावर, हनुवटीवर ठिपके, हातावर तुळशीवृंदावन, लक्ष्मीची पावलं, आपल्या खेड्यांत जुन्या बायकांच्या अंगावर हे असणारच, आपण गोंदण म्हणतो, कन्नडवाले हच्चे म्हणतेत. मेल्यावर सगळे दागिने काढून घेतील, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं माझी आजी म्हणायची. काजळी आणि पाल्याचा रस, दोन-तीन सुया एकत्र बांधलेल्या, आणि दारात बसलेली गोंदणारी बाई धान्यावर काम करून जायची. धंदा तोच, आता लाईटबिल भरावं लागतं एवढंच.

यावरनं आठवलं, एक मुलगी आली होती, मेडिकलची, आजी जाऊन महिना झालेला, आजीच्या हातावरच्या गोंदणाचा फोटो घेऊन. तसंच पाहिजे म्हणाली. मी म्हटलं हे पन्नास-साठ वर्षांत पसरलंय, कडा गेल्यात, काळ्याचं कातडीखालनं निळं-हिरवं दिसायला लागलंय, मी तुला आजीनं करून घेतलं तेव्हा कसं असेल तसं, स्वच्छ ठिपक्यांचं काढून देतो. मस्त काढलं, मलाच आवडलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, काका, ही आजी मला माहीतच नाही. मग पुसलं, आणि फोटोत होतं तसं, एक ठिपका दुसऱ्यात मिसळलेला, वृंदावनाची एक बाजू जवळजवळ गेलेली, ते सगळं मुद्दाम तसं काढायला मला दुप्पट वेळ लागला. नक्कलच केली म्हण, खरं त्या दिवसाइतकं कस्टम काम मी दुसरं केलेलं नाही. तुझ्या आईला असलं एखादं काम करताना बघू दे, एकदा स्टुडिओत बोलव, स्टुलावर बसव. नोकरीचं म्हणशील तर त्यांना महिन्याचा हिशोब वहीत लिहून दाखव. आयांना आकडे कळतेत, इन्स्टाचे फॉलोअर कळत नाहीत.

गोव्याचं एका वाक्यात, पैसे मिळतील, हात वेगवान होईल, एक सीझन जाऊन यायला हरकत नाही, खरं बीचवर माणूस दोन तासांत अँकर नाहीतर लाट काढून घेऊन पाण्यात उतरतो आणि परत कधी दिसत नाही. तुला दोन तास बापाबद्दल बोलणारा माणूस आवडतो. तो गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या अलीकडं, इथंच असतो.

बाकी हिपॅटायटिस बीची लस घेतलीस काय? तीन डोस असतात, सहा महिन्यांत पुरे होतात, नसशील घेतली तर हे वाचून झाल्यावर पहिलं ते. आणि मान. चार वर्षांत कळत नाही, दहाव्या वर्षी कळतं, गिऱ्हाईकाचा हात वर उचलून टेकवायचं स्टँड घे, तू खाली वाकू नको.

तो निपाणीवाला राहिला. त्याला मेसेज करू नको, भांडू नको. शिंगं कोपरात गेली असतील, रेघा पसरल्या असतील, तर सहा-आठ महिन्यांत तो जिना चढून येतोय बघ, मान खाली घालून, "दादा थोडं नीट करून देता काय" म्हणत. वाईट माणूस नसणार तो, अडीच हजार वाचले एवढंच बघितलं असेल त्यानं. आला की बसव, चहा दे, आणि कव्हर-अपला ताज्या कामापेक्षा जास्त घेतात हे तुला माहीत आहे. ॲडव्हान्स आधी.